आबांचे चार वाटे

माझ्या डब्यातल्या पोह्यांचे आबांनी चार वाटे घातले, तेव्हा मला नोकरीला लागून तीनच दिवस झाले होते. फोर्टातल्या त्या ऑफिसात मी एकटीच मुलगी, टायपिस्ट. त्यामुळे भिंतीकडे तोंड करून जेवत असे. शेजारच्या टेबलावरचे म्हातारे गृहस्थ उठून आले आणि माझ्या डब्याकडे बघत उभे राहिले. आता काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "घेता का थोडे? मीठ कमी पडलंय का बघा."

त्यांनी डबा पुढे ओढला, पोहे ढवळले आणि झाकणावर उपडे केले. ढिगाचा माथा चमच्याने दाबून चपटा केला. मग त्यावर फुलीसारख्या दोन रेघा ओढून चार वाटे पाडले. समोरासमोरचे दोन बाजूला सारले, उरलेले दोन एकत्र करून पुन्हा ढवळले, पुन्हा रेघा. असं तीनदा करून जो चमचाभर उरला तो तोंडात टाकला आणि डोळे मिटून चावला.

"मीठ बराबर आसा," ते म्हणाले. "मिरची एका बाजूक ऱ्हवलीहा. आवशीक सांग, ढवळताना हात सगळीकडे फिरव."

"एक घास खाऊन नसतं का कळलं?"

"एका घासार सांगणारो आनि एका दगडार खाण काढणारो, दोगव सारकेच गो बाय."

तोवर पोहे थंडगार झाले होते. हा माणूस चक्रम आहे, असं मी त्या दिवशी मनाशी ठरवलं. पुढे सहा वर्षं त्या टेबलाशेजारी बसले, पण हे मत बदलायची वेळ आली नाही. फक्त चक्रम माणसांबद्दलचं माझं मत सुधारलं.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे त्यांना आबा म्हणत, आमचे साहेबसुद्धा. आमच्या ऑफिसात दगड तपासले जात. कुणाच्या शेतात चमकणारा दगड निघाला, कुणाच्या डोंगराला रंगीत डाग दिसला, की ती माणसं रुमालात बांधून तो आमच्याकडे आणत. प्रत्येकाला वाटायचं आपल्याकडे सोनंच आहे. पार्टी जरा भक्कम असली तर आबा हातोडी, छिन्नी आणि गोणपाटाची पोती घेऊन त्या डोंगरावर जात आणि नमुना घेऊन येत. मागच्या खोलीत केमिस्ट त्यात धातूचा अंश किती ते तपासत, साहेब इंग्रजीत रिपोर्ट सांगत आणि मी टाइप करत असे. आबा शिकलेले फारसे नव्हते. पण नमुना त्यांनी घेतला आहे म्हटलं की केमिस्ट पुढे काही विचारत नसत.

नमुना घेणं म्हणजे काय, ते मला त्यांनीच शिकवलं. डोंगरावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी टाकायची. दर दोन हातांवर छिन्नी लावायची. तिथे चांगला दगड असो, वाईट असो, नुसती माती असो, तिथलं मूठभर घ्यायचं. सगळं कुटायचं, ढीग करायचा, चार वाटे घालायचे, दोन टाकायचे, पुन्हा कुटायचं. शेवटी जी मूठभर पूड उरते, ती म्हणजे तो अख्खा डोंगर. त्यात आपल्याला आवडलेला एक खडा जरी जास्त गेला, तरी तो डोंगर खोटा झाला.

"डोळो चोर आसता," आबा म्हणत. "तेका बरा तेवढाच दिसता. वायटाचो पण वाटो व्हयो."

हे त्यांनी दगडांपुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. एकदा मी हिंदमाताला साडी घ्यायला गेले होते, तर आबा फुटपाथवर भेटले आणि बरोबर दुकानात शिरले. दुकानदाराने पदर उलगडून दाखवला. आबांनी अख्खी साडी उलगडायला लावली. मग तिची चारही टोकं हातात घेऊन, मधला भाग उजेडात धरून, निऱ्यांत जाणारा कोपरासुद्धा नखाने खरवडून पाहिला. अशा नऊ साड्या झाल्या. दुकानदार शेवटी मला म्हणाला, "ताई, वडलांना घरी ठेवून या आणि मग साडी घ्या." आबांना राग आला नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "पदराक भुलून साडी घेतलंस, तर सगळा आयुष्य पदरच दाखवत फिराचा लागतला."

ती मुंबईसाठी झगडण्याची वर्षं होती. रोज कुठे ना कुठे सभा, मोर्चा, हरताळ. आमच्या गिरगावच्या चाळीत तर स्वयंपाकघरापर्यंत राजकारण आलं होतं. आई आमटीला फोडणी देताना मंत्र्यांना शिव्या देई. एका संध्याकाळी चौपाटीवर मोठी सभा होती. आई आणि मी गेलो होतो, तिथे आबा दिसले. ते सभेच्या एका कडेने दुसऱ्या कडेला निघाले होते. वक्त्याकडे त्यांची पाठ होती. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "नमुनो घेत होतंय." सभेच्या चार कोपऱ्यांतली चार माणसं त्यांनी गाठली होती आणि प्रत्येकाला विचारलं होतं, कशासाठी आलात? पहिला म्हणाला, मुंबईसाठी. दुसऱ्याचा मेहुणा हरवला होता, त्याला शोधत होता. तिसऱ्याला घरी बायकोशी बोलायचं नव्हतं. चौथा शेंगदाणे विकत होता.

"मग? काय निघालं नमुन्यात?"

"राज्य मेळतला," आबा म्हणाले. "तो शेंगदाणेवालो म्हणालो, मुंबय आपली नाय तर काय तुमच्या सायबाची? आनि पुडीत चार दाणे जास्त घातल्यान."

मला पाहायला आलेल्या मुलाचंही त्यांनी हेच केलं. मी त्यांना सहज सांगितलं होतं, प्रभादेवीचा आहे, बँकेत आहे, बरा वाटला. आबांनी पंधरा दिवस काही विचारलं नाही. मग एक दिवस माझ्या टायपरायटरवर हात ठेवून म्हणाले, "चार येळा बघलंय तेका. दुधाच्या रांगेत, देवळाच्या रांगेत, बँकेच्या दारात आनि एकदा आवशीर ओरडताना." मी घाबरले. "आईवर ओरडताना?" "होय. पण मगे पाच मिनिटांनी तिका चाय करून दिल्यान. घे. अंश बरो आसा." मी लग्न केलं. संसाराबद्दल विचाराल तर रिपोर्टात होतं तेवढंच निघालं, कमी नाही आणि जास्तही नाही. अशी खात्री किती बायकांना मिळते?

आबा स्वतः लालबागला राहत. मालवणकडच्या त्यांच्या गावच्या मंडळाची एक मोठी खोली होती, तीत गावातले वीस-बावीस पुरुष. बहुतेक सगळे गिरणीत. एक पाळी कामावरून आली की दुसरी उठून जाई आणि अंथरूण तेच राही. आबांच्या पगारात वेगळी खोली आली असती, पण गावाची माणसं सोडून जाणं त्यांच्या मनात आलं नाही. त्यांची बायको गावी होती. चाळीस वर्षं ते इथे आणि ती तिथे. वर्षाला एकदा शिमग्याला जात तेवढंच. तिची पत्रं ते ऑफिसच्या पत्त्यावर मागवत, कारण मंडळाच्या खोलीत आलेलं पत्र जो पहिला हातात घेईल तो मोठ्याने वाची.

गावाहून काही ना काही येई. उकडे तांदूळ, कुळीथ, सोलं. मला त्यातला वाटा मिळे. ते तांदूळ पाहून आई चकित व्हायची. एक खडा नाही, एक तूस नाही, दाणा न् दाणा सारखा. आबा म्हणत, "आमच्याकडे मुंबयक धाडूचा ता निवडून. वायट ता घरात खाव्चा." ही त्यांच्याकडची रीतच होती. मुंबईला गेलेला माणूस हालात राहतो, त्याच्या ताटात खडा जाऊ नये, म्हणून तिकडच्या बायका दिवस दिवस सूप घेऊन बसत.

आता मूळ गोष्टीकडे येते. आबांच्या गावच्या घरामागे एक डोंगर होता, आबांच्याच वाडवडिलांच्या नावावरचा. पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड, साहेब त्याला शिस्ट म्हणत. त्यातून गारगोटीच्या पांढऱ्या शिरा गेलेल्या आणि त्या शिरांच्या कडेला जागोजाग हिरवा डाग. देवघरातल्या तांब्याला न घासता ठेवलं की जसा कळंक चढतो, तसा. म्हणजे आत तांबं होतं. किती, हा प्रश्न होता. आबांना तो डाग लहानपणापासून माहीत होता आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांचे डोंगर फोडून त्यांनी आपल्या डोंगराला एकदाही छिन्नी लावली नव्हती.

"घरच्या डोंगराचो नमुनो घेव नये," ते म्हणत. "डोळो आधीच फितूर आसता." मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती. जोवर नमुना घेतला नाही, तोवर डोंगर तांब्याचा होता.

पण महाराष्ट्र होण्याच्या आदल्या वर्षी मंडळाच्या खोलीत सगळ्यांच्याच डोक्यात तो डोंगर शिरला. वर्तमानपत्रांतून वाद चालला होता की महाराष्ट्र झाला तर तो पोट कशावर भरणार. खोलीतल्या लोकांनी उत्तर काढलं, आपल्या डोंगरावर. यात पुढे होता धाकू, आबांचा पुतण्या. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवी, नोकरी कायम झालेली, अंगाने काटकुळा आणि खोकला जुना. त्याचं एकच म्हणणं होतं. खाण निघाली की खोलीतली बावीसच्या बावीस माणसं गावाला परत जातील, बायकामुलांत राहतील, आणि आपण मुकादम होऊ. काळबादेवीचा एक व्यापारी भाडेपट्टा घ्यायला तयारही झाला. त्याने आमच्याच ऑफिसात रिपोर्ट मागितला.

साहेबांनी आबांना रजा दिली नाही, दुसऱ्या दोन पार्ट्या खोळंबल्या होत्या. पावसाळा तोंडावर आला होता, एकदा बोटी बंद झाल्या की चार महिने काही हलणार नव्हतं. शेवटी आबांनी बायकोला पत्र लिहिलं. दोरी कुठून कुठे टाकायची, किती पावलांवर फोडायचं, सगळं सविस्तर. शेवटच्या बोटीने दोन पोती भाऊच्या धक्क्यावर उतरली. आबांनी ती स्वतः कुटली, वाटे घातले, पूड केमिस्टच्या हातात दिली आणि तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी केमिस्ट बाहेर आले ते हसतच. खाण परवडायला जेवढा अंश लागतो, त्याच्या तिप्पट निघाला होता.

त्या आठवड्यातले आबा मी कधी विसरणार नाही. टेबलावर बोटांनी ताल धरत. मला विचारत, गावात राहायचं तर कंदील बरा की गॅसची बत्ती? चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बायकोसाठी लुगडं शिमग्याची वाट न बघता घेतलं, आणि घेताना चारही टोकं तपासली नाहीत. लालबागच्या खोलीत पेढे वाटले गेले. धाकूने गिरणी सोडण्याची नोटीस कुणाकडून तरी लिहून घेतली आणि खिशात घालून फिरू लागला. आबा त्याला म्हणाले, रिपोर्टावर सही होईपर्यंत थांब. मी रिपोर्ट टाइप केला. त्यात नमुना घेणाऱ्याच्या सहीची जागा असते, तिथे आबांचं नाव घातलं. पुढे माझ्या लक्षात आलं, की प्रत्येक पार्टीला आबा जो पहिला प्रश्न विचारत, "नमुनो कोणी घेतलो? कसो घेतलो?" तो त्या वेळी त्यांनी कुणालाच विचारला नव्हता.

सही व्हायच्या दिवशी सकाळी टपालाने पत्र आलं. काकींनी, म्हणजे आबांच्या बायकोने, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेलं. आबांनी वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. खुशाली होती, गाय व्यायली होती, आणि खाली लिहिलं होतं: "आपण सांगितल्याप्रमाणे डोंगरावरून दगड आणले. आठ दिवस बसून धुऊन निवडले. हिरवे तेवढेच पोत्यात भरले आहेत. मुंबईला एकही वाईट दगड गेलेला नाही, याची खात्री असावी."

मी वर पाहिलं. आबा खिडकीबाहेर ट्रामच्या तारांकडे बघत होते.

"टाइप केलंस?"

"केलं."

"सायबान बघल्यान?"

"अजून नाही." मग मी आवाज खाली आणून म्हटलं, "आबा, हे पत्र आपल्या दोघांनाच माहीत आहे. पार्टीने दिला तसा नमुना तपासला, असं वाक्य मी घालते. पुष्कळ रिपोर्टांत असतं. खोटं काहीच नाही त्यात."

मला हे सांगायला लाज वाटत नाही. त्या आठवड्यात मी त्यांना हसताना पाहिलं होतं. तो डोंगर तांब्याचाच असावा असं मलाही वाटत होतं.

"दुसऱ्याचो डोंगर असतो तर चलला असता," आबा म्हणाले. "धाकू नोटीस देतलो गो. वीस माणसां देतली. आनि वर्सभरान सगळी गारगोटी खणीत बसतली."

"पण चूक काकींची आहे. तुम्ही सगळं नीट लिहिलं होतं."

आबा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "तिची कसली चूक? मुंबयक धाडूचा ता निवडून, ह्या तिका जल्मापासून शिकवल्यानी. ती निवडतली ह्या माका कळूक नको? चाळीस वर्सां तिना निवडलेले तांदूळ खातंय मी!" मग जरा वेळाने म्हणाले, "आठ दिस. कमरेन दुखता ती. आठ दिस बसली."

मी टाइप केलेला रिपोर्ट त्यांनी घेतला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. साहेबांना सांगितलं, नमुना चुकला, पावसाळ्यानंतर पुन्हा घ्यावा लागेल. साहेबांनी कारण विचारलं नाही. आबांच्या तोंडून असं वाक्य त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

पावसाळा संपला आणि पहिल्या बोटीने आबा गेले. पंधरा दिवसांनी सात पोती घेऊन परत आले. काळी, करडी, मातीने भरलेली. केमिस्टनी तपासलं. डोंगरात तांबं होतं, पण शिरा बोटाएवढ्या बारीक आणि हिरवा रंग नुसता वरवरचा. खणायला जो खर्च आला असता, त्याच्या पासंगालाही तांबं पुरलं नसतं.

"आयतवारी लालबागक येशील?" आबांनी मला विचारलं. "तू वाच. मी वाचलंय तर म्हणतले, आबा सोडून सोडून वाचता."

बायकांनी त्या खोलीत जायची रीत नव्हती. मी आईला घेऊन गेले. आम्हाला एका ट्रंकेवर बसवलं. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, आणि बावीस माणसं मांडी घालून माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेले. शेवटच्या पानावर साहेबांनी न सांगितलेलं एक वाक्य होतं. ते आबांनी स्वतः माझ्याकडून टाइप करून घेतलं होतं, मी दोनदा नाही म्हटल्यावरसुद्धा. मी ते वाचलं: "पहिला नमुना घेण्यात माझी चूक झाली." आणि खाली त्यांची सही.

मग धाकू उठला. खिशातला नोटिशीचा कागद त्याच्या हातात होता.

"चाळीस वर्सां लोकांचे दगड फोडलंस," तो म्हणाला, "आनि घरचोच नमुनो चुकलंस, आबा? आमी पेढे वाटले रे!"

"होय. चुकलंय."

"कसो चुकलंस ता तरी सांग!"

माझ्या तोंडावर आलं होतं. एक वाक्य मी बोलले असते तर आबांची चाळीस वर्षांची पत वाचली असती. त्या माणसाकडे ती पत सोडून दुसरं काय होतं? आबांनी माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती, धाक नव्हता. नुसतं पाहिलं. मी कागदाची घडी घातली आणि गप्प बसले. मला रडू येत होतं आणि त्यांचा भयंकर रागही आला होता.

"डोळो चोर आसता," आबा धाकूला म्हणाले. "माजो पण."

धाकूने नोटीस फाडली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला तो गिरणीत गेला.

त्यानंतर खोलीत आबांची थट्टा सुरू झाली. बाजारातून कुणी भाजी आणली की कुणीतरी म्हणे, "आबाक दाखव नको, नमुनो चुकात." आबाही हसत. पूर्वी तांदूळ घेताना, डाळ घेताना सगळे त्यांना घेऊन जात, ते बंद झालं. ऑफिसातही एका पार्टीने नमुना दुसऱ्याने घ्यावा असं सुचवलं. आबांनी हातोडी गुपचूप त्या दुसऱ्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. दोन दिवसांनी केमिस्टनी ती उचलून परत आबांच्या टेबलावर आणून ठेवली.

महाराष्ट्र झाला, त्या दिवशी आमच्या प्रभादेवीच्या चाळीला कंदील लागले होते. आबा साखरेची पुडी घेऊन आमच्याकडे आले होते. माझे यजमान उत्साहाने म्हणाले, "काय आबा, मिळालं की नाही राज्य?"

"मेळला. बरा झाला," आबा म्हणाले. "आता तेचो नमुनो घेवक चार ठिकाणी फिराचा लागतला. माका येळ नाय. तुमी घेवा."

त्याच महिन्यात ते निवृत्त झाले आणि गावी गेले. खाण नव्हती, बत्ती नव्हती. एक कंदील घेऊन गेले.

ते वारल्याचं कळलं, त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही मालवणकडे गेलो होतो. मी हट्टाने त्या गावाला गेले. काकी घरापुढच्या खळ्यात बसल्या होत्या. लहानशी बाई, पाठीत वाकलेली. घरामागे तो डोंगर, संध्याकाळच्या उन्हात त्याच्या पांढऱ्या शिरा दिसत होत्या. मी ओळख सांगितली, तर म्हणाल्या, "तू टायपवाली मां? बस गो बाय."

चहा झाला. मग डोंगराकडे न बघताच त्या म्हणाल्या, "थयसून मी दगड निवडून धाडलेलंय. तुका ठावक आसा."

कुठे बघावं मला कळेना.

"पावसानंतर ते इले. दोरी घातल्यानी आनि सगळो डोंगर पोत्यात भरूक लागले. काळे दगड, माती, सगळा. मी इचारलंय, ह्या कशाक? तर म्हणाले, सायबाक दुसरो नमुनो व्हयो. आनि माज्याकडे बघूक नाय. तेवाच माका कळला, मी काय करून ठेवलंय ता. धाकून मगे सांगितल्यान, आबा चुकले म्हणान. मी धाकूक पण काय बोलूक नाय."

"आणि आबांना? तुम्हाला कळलंय हे त्यांना कधी सांगितलंत नाही?"

"कशाक?" काकी म्हणाल्या. "माका ठावक नाय म्हणान ते खूश होते. सगळ्या जल्मात तेवढी एकच गोष्ट तेंनी माज्यापासून लपवन ठेवल्यानी. म्हटलंय, ऱ्हवांदे."

निघताना त्यांनी कुळीथ द्यायला काढले. सुपात घेतले, आणि त्यांची बोटं सवयीने खडे वेचायला गेली. दोन-तीन खडे काढले असतील. मग थांबल्या. काढलेले खडे परत सुपात टाकले, सगळं सूप जमिनीवर उपडं केलं, ढिगाचा माथा तळहाताने दाबला आणि बोटाने दोन रेघा ओढल्या. समोरासमोरचे दोन वाटे माझ्या पिशवीत भरले.

"निवडूक नाय हां," त्या म्हणाल्या. "तेंची रीत."

प्रभादेवीला घरी आल्यावर सासूबाईंनी कुळीथ ताटात ओतले. बोटं फिरवली, खडे बाजूला टाकले, आणखी बोटं फिरवली आणि कपाळाला आठी घातली. "कुणी दिले गं हे? अर्धे खडेच आहेत. त्या बाईला निवडून द्यायची रीतच नाही वाटतं."

मी त्यांच्या हातातून ताट घेतलं आणि खिडकीशी उजेडात बसले.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "निवडू नका, असं मीच त्यांना सांगितलं होतं."